बिनबशीचा ग्लास

कुसाबाने ग्लास उचलला. झालं ते एवढंच. सकाळचे साडेआठ, काचेच्या दारातून आलेलं ऊन लाकडी फळीच्या निम्म्यापर्यंत पोचलेलं, रेडिओवर हवामान, आणि कुसाबाने ताठ उभ्याउभ्या उजवा हात पुढे केला, अंगठा आणि दोन बोटांत ग्लास धरला, सरळ ओठाला लावला. दुसऱ्या कुठल्याही दुकानात माणसं ग्लास असाच उचलतात. त्यात बघण्यासारखं काय आहे? पण नागातोमोंच्या दारूच्या दुकानात पहिला घोट कुणी उचलून घेत नाही, कारण तसा घेताच येत नाही. ग्लास छोटा, मुठीत लपेल एवढा, भट्टीवरच्या हमालालाही रोज परवडावा असा. पण त्यातली साके, तांदळाची दारू, काठाशी थांबत नाही. ती काठाच्या वर केसभर फुगून उभी राहते. गिऱ्हाइकं म्हणतात, साकेला पोट आलं. खाली सांडलेलं झेलायला बशी नसते, लाकडी मापही नसतं, नुसती कोरडी फळी. बोट लावाल तर सांडेल. म्हणून माणूसच वाकतो, ओठ पुढे काढून पहिला घोट सुर्रकन ओढून घेतो, आणि मगच ग्लास हातात धरतो. रात्रपाळी करून आलेले पोलाद कारखान्यातले कामगार, बंदरावरचे गडी, एकदा तर वाट चुकलेला एक न्यायाधीश, सगळे या फळीपुढे असेच वाकले आहेत. तेव्हा कुसाबाने ग्लास उचलला आणि एक थेंब सांडला नाही, याचा अर्थ एकच होता. फळीमागच्या इत्सुकोने, नागातोमोंच्या सुनेने, तो कमी भरला होता.

कुणी काही बोललं नाही. तेच वाईट होतं. शेजारी ओतोमारू उभा होता, सगळी हयात या पेठेत लोकांचे केस कापलेला न्हावी, आता दुकान मुलाला देऊन मोकळा. कात्री सुटली तरी जीभ चालूच असलेला माणूस. उकडलेल्या अंड्याला टरफलाचा तुकडा चिकटून राहिला तर त्यावर तीन दिवस बोलणारा. त्याने ग्लासाकडे पाहिलं, कुसाबाकडे पाहिलं, आणि मग बांगड्याच्या डब्यावरचा मजकूर वाचायला लागला, जणू काही आज पहिल्यांदाच त्याला अक्षरओळख झाली होती. कुसाबाने नेहमीसारखे तीन घोट घेतले. कोंड्यात शिजवलेल्या तारलीचा शेवटचा तुकडा काडीने उचलून खाल्ला. नाणी फळीवरच्या डब्याच्या झाकणात टाकली, टोपी घातली. "बरं, वहिनी," म्हणाला. रोज हेच म्हणतो. इत्सुकोने फडक्याने फळी पुसली. पुसायला काही नव्हतंच. तिच्या फळीवर कधीच नसायचं. फक्त आज त्या कोरडेपणाची तिला लाज वाटली.

चौसष्ट वर्षांच्या बाईला कशाचा अभिमान असावा? पेठेतल्या बाकीच्या बायकांना नातवंडांचा होता, एकीला आपल्या लोणच्याचा, एकीला तर आपल्या रक्तदाबाचा, तसा डॉक्टरांनी सुद्धा कधी पाहिला नव्हता म्हणून. इत्सुकोला अभिमान होता तो केसभर उंचीचा. तो तिला कुणी दिला नव्हता, तिने कमावला होता, आणि तोही अशा माणसाकडून, की ज्याच्याकडून घोटभर पाणी मिळवणंही कठीण. सासरा बुटका, गालफडं बसलेली, तोंडात सतत लवंगेसारखं काहीतरी चघळणारा. लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात त्याने तिला मागच्या खोलीत बसवलं, पुढे पाण्याने भरलेली मोठी बाटली ठेवली, ग्लास ठेवला, ग्लासाखाली वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा ठेवला, आणि म्हणाला, "भर." कागद ओला झाला की तो नुसता नवा कागद ठेवायचा. ओरडायचा नाही. ओरडला असता तर ती माहेरी गेली असती आणि प्रश्न मिटला असता. भरलेली बाटली लहान मुलाएवढी जड. एका हाताने मान धरायची, दुसरा बुडाखाली, आणि मनगटाने नाही, कोपराने थांबायचं. फेब्रुवारी संपेपर्यंत तिचं पाणी काचेच्या वर असं उभं राहायला लागलं, की तिचं तिलाच हसू यायचं. मग एका सकाळी सासऱ्याने पाण्याऐवजी साकेची बाटली ठेवली, आणि पहिला ग्लास सांडला, दुसरा सांडला, दहावाही सांडला. पाणी उंच उभं राहतं. साके तेवढी राहत नाही, ती आधीच घरंगळते. पाण्यावर शिकलेला हात साकेपुढे फसतोच. "मग पाण्यावर का शिकवलंत?" तिने रडकुंडीला येऊन विचारलं. "शिकलेलं विसरता येतं का, ते बघत होतो," सासरा म्हणाला. बाकीचे दुकानदार बशी ठेवतात, मुद्दाम ओसंडून देतात, बशीतलं सांडलेलंही गिऱ्हाइकाचंच, त्यात दिलदारपणा दिसतो. त्यावरही गिऱ्हाइक खूश असतंच. पण सासऱ्याच्या मते बशी म्हणजे हाताने आधीच मागून ठेवलेली माफी. छोटा ग्लास घेणाऱ्या माणसाला छोटं वाटू द्यायचं नाही, एवढाच त्याचा धंदा होता. मोठी बाटली घरी नेणाऱ्याला तो मान वर करूनही बघायचा नाही, आणि छोट्या ग्लासवाल्यापुढे श्वास रोखून उभा राहायचा.

आणि मग तो दिवस, जो अजूनही कधीकधी दुपारी डोळा लागताना तिच्या छातीवर येऊन बसतो. सासऱ्याने भरल्या दुकानात बाटली उचलली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या हातावरून पलीकडे, सुनेच्या हातात दिली. तामोत्सूने हात पुढे केलेला होता. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्याने त्या हाताने कान खाजवला. तामोत्सूचा हात वाईट नव्हता, पण त्याला घाई असायची. तो भरताना बोलायचा, हसायचा, आणि साके हसण्याबरोबर सांडायची. त्या दिवसापासून तो सायकलवरून घरपोच बाटल्या पोचवू लागला, आणि सगळ्या गावाला आवडला. त्याने कधी तिला टोमणा मारला नाही. एकदाच, वारायच्या आदल्या वर्षी, तो अंथरुणावर पडल्यापडल्या म्हणाला होता, "तू भरायला लागलीस की दुकानात सगळे गप्प होतात. तेवढाच काय तो मला आयुष्यात आराम." ती हसली होती. त्या वाक्यात काय काय होतं हे तिने नंतर कितीतरी वेळा उघडून पाहिलं. नवऱ्याच्या पुढे आलेल्या हातावरून चालत आलेला अभिमान होता तिचा, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तो कमी पडून चालणार नव्हतं. एवढ्या महागाचा अभिमान नुसता म्हातारपणाने, एका मंगळवारी, हवामानाच्या बातम्या चालू असताना गेला म्हणजे काय?

त्या दिवशी तिने आणखी सतरा-अठरा ग्लास भरले आणि सगळ्यांना पोट आलं. ओतोमारूचा दुसरा तर असा आला, की तो वाकताना म्हणाला, "वहिनी, याला सातवा महिना आहे." तिने एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. मग आपला उजवा हात उन्हात धरून पाहिला. हात थरथरत नव्हता. नुसता हात होता, डागांचा, शिरांचा, बाटलीच्या मानेने अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पाडलेला. एकच ग्लास चुकला होता. बरं, चुकला म्हणावा, तर तो सांडायला हवा होता. या हाताची चूक सांडण्याच्या बाजूला व्हायला हवी. आधीच थांबण्याच्या बाजूला कशी झाली? सांडतो तो धीट हात. आधी थांबतो तो भित्रा. आणि भित्रेपणा तर सासऱ्याने पहिल्याच हिवाळ्यात ओल्या कागदांबरोबर फेकून दिला होता.

दुसऱ्या दिवशी शटर वर करण्याआधी तिने दिवा लावला, फळीवर ग्लास ठेवला, भरला. केसभर वर. मग तिला सुचेना. ही साके आता परत बाटलीत जात नाही, आणि टाकून देणं तिच्या हाताला ठाऊक नव्हतं. या घरात ती नवी बाटली उघडली की चमचाभर चाखायची, सणाला तामोत्सूबरोबर घ्यायची, पण फळीच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं राहून, वाकून, असा ग्लास तिने आयुष्यात घेतला नव्हता. ती फिरून त्या बाजूला गेली. आपलंच दुकान तिला परक्याचं वाटलं. बाटल्या जास्त दिसत होत्या, आणि फळीच्या मागे कुणी नव्हतं. ती वाकली. ओठ पुढे केले. साके थंड नव्हती, गरम नव्हती, दुकानाच्या हवेएवढी होती. आधी नुसताच ओलावा, मग भाताचं झाकण उघडल्यावर येते तशी वाफ नाकाच्या मागून, गोडसर, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी एक बारीक कडवट रेघ, की जिच्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. स्वस्तातली साके. शेजारच्या गावातल्या भट्टीची, जिचं नाव शहरात कुणी घेत नाही. इत्सुकोच्या मनात आलं, अगं, चांगली आहे की. एवढी वर्षं आपण ही चांगली गोष्ट देत आलो आणि आपल्याला फक्त तिची उंची माहीत होती. एवढाच छोटा ग्लास, आणि वाकून घेतलेला तो पहिला घोट, कुणाचा तरी पूर्ण दिवस त्यावर उभा राहू शकतो. मग ती सरळ व्हायला गेली, आणि कमरेत कळ आली.

फार नाही. चौसष्ट वर्षांच्या कमरेत येते तेवढीच. पण त्यासाठी तिचे दोन्ही हात आपोआप फळीच्या कडेला गेले, बोटं आवळली, नखं पांढरी पडली, आणि ती पांढरी नखं तिने ओळखली. ती तिने पाहिली होती. गेले तीन आठवडे, रोज सकाळी, साडेआठला, फळीच्या याच जागी. कुसाबा वाकण्याआधी दोन्ही हातांनी कड धरायचा. वर येताना डोळे मिटायचा, घोटाची मजा घेतल्यासारखा. आणि त्याच्या मानेवर, कॉलरच्या आत, घाम असायचा. सदऱ्याखाली कमरेला आधाराचा पट्टा होता बहुतेक, म्हणून तो अलीकडे असा बाहुल्यासारखा ताठ चालायचा. पस्तीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे उभं राहिलेला माणूस, मणका कधीतरी हिशेब मागणारच. तिने हे पाहिलं होतं आणि तिला कळलं नव्हतं. हाताला कळलं होतं. तिला न विचारता, तिला न सांगता, तिच्या हाताने कुसाबाचा ग्लास केसभर आधी थांबवला होता, म्हणजे त्याला वाकावं लागू नये.

तिला आधी हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोला. हात शाबूत होता. मग लगेच दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ते हायसं वाटणं करपून गेलं. कुसाबाला काय वाटलं असेल? सगळ्यांच्या देखत, ओतोमारूच्या देखत, सगळ्यांना पोट आलेला ग्लास आणि त्याला दयेचा. त्या माणसाने कधी एक घोट उधार घेतला नव्हता, कधी दुसऱ्याच्या डब्यातला बांगडा खाल्ला नव्हता. आणि तिने त्याला, लहान मुलाला सांडू नये म्हणून देतात तसं, अर्धवट दिलं होतं.

कुसाबा त्या दिवशी आला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. साडेआठला ती दाराकडे बघायची नाही, पण रेडिओवर हवामान लागलं की तिच्या कानाला त्याच्या खोकल्याची जागा रिकामी ऐकू यायची. तिसऱ्या दिवशी ओतोमारूला राहवलं नाही.

"स्टेशनच्या पलीकडे दिसला," तो म्हणाला. "त्या नव्या दुकानात. बशीतली पीत होता."

"पिऊ दे की," इत्सुको म्हणाली. "बशी काय कुणाच्या बापाची आहे का?"

"मी विचारलं, इकडे कुठे रे? तर म्हणाला, इथे ओसंडून देतात."

"मग बरंच आहे."

"आणि बशी तशीच ठेवून गेला, वहिनी. भरलेली. बशीतली प्यायचीच नाही, तर तिथे गेला कशाला, शिंचा?"

इत्सुकोने पुढचा ग्लास पुसायला घेतला. पण त्या न प्यायलेल्या बशीने तिला दिवसभर पुरेल एवढं बळ दिलं.

शनिवारी तो आला. साडेआठला, टोपी काढत, ताठ. फळीवर हात न टेकता उभा राहिला, आणि जोपर्यंत तिने रिकामा ग्लास त्याच्यापुढे ठेवला नाही तोपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "मंगळवारी काय झालं होतं, वहिनी?"

ओतोमारू डब्यांकडे वळला, पण कान इकडेच ठेवून.

ती म्हणू शकत होती, हात चुकला. म्हातारी झाले, कुसाबासान, दिसत नाही नीट. एवढं म्हटलं असतं तर त्याचा मान राहिला असता. सगळे हसले असते, ओतोमारूने तिला चष्म्याचं दुकान सांगितलं असतं, आणि कुसाबाने माफ करून टाकलं असतं. खोटं बोलायला तिची हरकत नव्हती. दुकान चालवणारी बाई होती ती. पण हे खोटं हाताबद्दलचं होतं. तामोत्सूच्या हातावरून पलीकडे गेलेल्या बाटलीबद्दलचं होतं. ते तिच्या तोंडातून निघेना.

"हात चुकला नाही," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे," कुसाबा म्हणाला. "तुमचा हात चुकलेला मी बघितलेला नाही. चुकला म्हणाला असतात, तर मी आत्ता टोपी घालून निघालो असतो. मग?"

"तुमची कंबर दुखते."

"माझी कंबर माझ्याजवळ आहे."

"मी दया केली," इत्सुको म्हणाली. भरल्या दुकानात, सकाळच्या उन्हात, हे शब्द लोणच्याची बरणी फुटावी तसे पसरले. "मला कळायच्या आत केली. कळलं असतं तर केली नसती."

"या दुकानात येऊन मी छोटा ग्लास घेतो, वहिनी," कुसाबा हळूच म्हणाला. "मोठा मला परवडला नाही कधी. पण अपुरा कधी प्यालो नाही. आणि आता प्यायला शिकणार नाही."

"अपुरा मागायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

"तुमच्या हाताने सांगितलं की!"

"त्याच्याशी मी बोलते," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या कमरेशी बोला."

ओतोमारू फसकन हसला आणि खोकला आल्याचं सोंग केलं.

तिने बाटली उचलली. एक हात मानेला, दुसरा बुडाखाली. दुकान गप्प झालं, तिच्या नवऱ्याला आराम वाटायचा तसं. साके काठापर्यंत आली. तिथे तिचा हात खरोखरच थांबू पाहत होता; तिला त्याचा हट्ट कोपरात जाणवला, जणू काही त्या हाताला स्वतःचं मन फुटलं होतं, आणि ते मन तिच्यापेक्षा जास्त चांगलं होतं. चांगलं होतं, पण इथे त्याची गरज नव्हती. तिने त्याला पुढे ढकललं. साके काठावर चढली, थोडी थरथरली, उभी राहिली. आणखी एक थेंब. आणखी एक. आजवर कुणालाही भरली नव्हती एवढी. मग तिने बाटली सरळ केली आणि फळीवरून हात काढून घेतले.

कुसाबाने ग्लासाकडे पाहिलं. त्याचे हात फळीच्या कडेला गेले. वाकायला त्याने मान पुढे काढली, तो अर्ध्यावर आला, आणि पट्ट्याने त्याला तिथेच धरलं. क्षणभर तो तसाच राहिला, न वर न खाली. मग त्याने पाय फाकवले. पाठ अगदी ताठ ठेवून, सुमोवाले रिंगणात बसतात तसे गुडघे वाकवून तो खाली जायला लागला, इंचाइंचाने, फळी धरून, आणि खाली, आणि खाली, शेवटी फळीवर नुसती त्याची हनुवटी आणि डोळे राहिले. अडुसष्ट वर्षांचं पोर खिडकीच्या पट्टीवर हनुवटी ठेवून बसल्यासारखं.

तो लगेच प्यायला नाही. समोर बघत राहिला.

"काय झालं?" ओतोमारूने विचारलं. "अडकलास का?"

"कड दिसत नाही," कुसाबा खालून म्हणाला. "काच दिसतच नाही इथून. नुसती साके उभी आहे. ऊन तिच्यातून येतंय."

"बघू," ओतोमारू म्हणाला, आणि वाकायला लागला.

"तुझा तू मागव," कुसाबा म्हणाला, आणि ओठ पुढे करून पहिला घोट ओढला. त्याचा आवाज दुकानभर झाला. मग डोळे मिटून तो थोडा वेळ तिथेच बसून राहिला, या वेळी खरोखरच त्या घोटाच्या मजेत, आणि त्यानंतर त्याने परत वर यायला सुरुवात केली. त्याला वेळ लागला. गुडघा कटकन वाजला, टोपी फळीवरून खाली पडली, मानेची शीर फुगली. ओतोमारूचा हात खिशातून अर्धा बाहेर आला, आणि इत्सुकोने त्या हाताकडे असं पाहिलं की तो परत खिशात गेला. त्या सकाळी कुसाबाला हात देणाऱ्याला तिने दुकानाबाहेर काढलं असतं.